कवच कचेरीचं, आवाज घरचा

जपूनरावांना आयुष्यात कोणी धीट म्हटलं नव्हतं, आणि त्यांची तशी तक्रारही नव्हती. धीट माणसांचं पुढे काय होतं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं स्वतःच्या हातांनी टाइप केलं होतं. एका मोठ्या कचेरीच्या चौकशी शाखेत ते टंकलेखक होते. कोणा कर्मचाऱ्यावर ठपका आला की त्याची चौकशी व्हायची, चौकशीचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि ते कानाला लावून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं काम जपूनरावांचं. इतक्या माणसांची नोकरी जाताना त्यांनी ऐकली होती, की टेबलावरची टाचणी उचलतानासुद्धा ते आधी आजूबाजूला बघत.

नाव अर्थातच शेजाऱ्यांनी ठेवलेलं. जिना चढणाऱ्याला, दूध ओतणाऱ्याला, दाढी करणाऱ्या न्हाव्याला, ज्याला त्याला ते ‘जपून हं’ म्हणत. एकदा इंजेक्शन देणाऱ्या नर्सला त्यांनी तीन वेळा ‘जपून हं’ म्हटलं, तेव्हा तिचाच हात थरथरायला लागला आणि दुसरी नर्स बोलवावी लागली. त्यांना झुरळाची भीती वाटे, प्रेशर कुकरची वाटे, लिफ्टची तर फारच वाटे. पण हे सगळं किरकोळ. खरी भीती एकच, लाल शाईची. त्यांचं सेवापुस्तक कोरं होतं. ना शेरा, ना ताकीद, ना मेमो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि ते पुस्तक असंच स्वच्छ ठेवून बाहेर पडायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी जन्मभर बाळगली होती.

अशा माणसाने कचेरीचा हेडफोन लपवून घरी आणला, जेवणाच्या टेबलावर त्याचं पोट फाडलं आणि आत दुसऱ्याच हेडफोनची आतडी बसवली, असं कोणी सांगितलं असतं तर सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण ते घडलं. कसं घडलं ते क्रमाने सांगायला हवं, कारण क्रम सोडलेला जपूनरावांना चालत नाही.

तर तो हेडफोन. दोन्ही कानांवर उशा दाबून धरल्यासारखे जाड गोल डबे, वर रुंद पट्टी, डाव्या डब्यावर पांढऱ्या रंगात साठा क्रमांक. प्रत्येक डब्याच्या सांध्यावर भांडारपालांच्या सहीची कागदी पट्टी: ‘उघडल्यास कारवाई’. जपूनराव ती पट्टी रोज सकाळी तपासत, काम सुरू करण्याआधी. आणि एका सोमवारी, काहीही न करता, कोणीही न पाडता, त्या हेडफोनचा डावा कान मेला.

चौकशीच्या टेबलावर दोन मायक्रोफोन असत. एक चौकशी अधिकाऱ्यांपुढे, त्याचा आवाज उजव्या कानात येई. दुसरा समोर उभ्या केलेल्या कर्मचाऱ्यापुढे, त्याचा डाव्या कानात. अधिकाऱ्यांचा आवाज असा दणदणीत की तो दोन्ही मायक्रोफोन भरून वर उरे. समोरच्याचा बिचाऱ्याचा आवाज इतका बारीक असे, की तो त्याच्या पुढ्यातल्या मायक्रोफोनपर्यंत पोचला तरी खूप. म्हणजे डावा कान गेल्यावर जपूनरावांना नुसते प्रश्न ऐकू येऊ लागले. उत्तरं बंद.

नुसते प्रश्न ऐकणं हे काय असतं, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. ‘हे तुम्ही का केलंत?’ मग शांतता. ‘कोणाला विचारून केलंत?’ मग शांतता. ‘लाज नाही वाटली?’ मग बरीच मोठी शांतता. दोन तासांत जपूनरावांना वाटायला लागलं, की हे आपल्यालाच विचारणं चाललंय. तिसऱ्या तासाला ते एकदम “वाटली, साहेब” असं म्हणालेसुद्धा, मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

त्यात ते प्रकरण लिफ्टमनचं होतं. हा लिफ्टमन जपूनरावांना चांगला माहीत होता. शाखा सहाव्या मजल्यावर, गुडघे जिन्याला तयार नाहीत, त्यामुळे जपूनराव रोज डोळे मिटून लिफ्टमध्ये उभे राहत आणि लिफ्टमन एकेक मजला मोजून सांगे. “एक झाला, साहेब. दोन झाले. तीन झाले. हे बघा, अर्धं संपलं.” सहा झाले की जपूनराव डोळे उघडत आणि घाईघाईने बाहेर पडत. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचे आभार मानले नव्हते. आभार मानले तर आपण घाबरतो हे उघड होईल, अशी त्यांना भीती होती. गेल्या उन्हाळ्यापासून लिफ्टमधला बंद पंखा फिरू लागला होता, आत जरा हवा खेळत होती, आणि जपूनरावांचा जीव थोडा कमी गुदमरत होता. का, ते त्यांनी विचारलं नव्हतं. मग एक दिवस पंखाच जागेवरून नाहीसा झाला. तो पुरावा म्हणून फडक्यात गुंडाळून अभिलेख कक्षात ठेवला होता, आणि लिफ्टमनवर ठपका होता: पंख्याची मेलेली मोटर काढून घरची मोटर बसवली, म्हणजेच कचेरीच्या वस्तूचं अंतरंग विनापरवाना बदललं.

या चौकशीचं टंकलिखित पुढच्या आठवड्यात मंगळवारी द्यायचं होतं. जपूनराव भांडारपालांकडे गेले.

भांडारपाल हे किल्ल्यांच्या जुडग्यामागे बसलेले सुकलेले गृहस्थ होते. त्यांनी हेडफोन हातात न घेता लांबूनच पाहिला.

“मेलाय कशावरून?”

“ऐकू येत नाही.”

“ते तुमचं म्हणणं झालं. नादुरुस्त असल्याचा दाखला हवा, तांत्रिक सहायकाचा.”

“तांत्रिक सहायक कुठे बसतात?”

“पद रिकामं आहे.”

“मग नवीन हेडफोन?”

“जुना निकालात काढल्याशिवाय नवा नाही. निकालात काढायचा तर साधनसामग्री समिती. वस्तू खराब होवो, कोणी तिच्याशी छेडछाड करो, सगळं त्याच समितीकडे. पण एका नगासाठी समिती बसत नाही. एका स्वरूपाचे किमान दोन नग हवेत.” भांडारपालांनी उसासा सोडला. “नऊ वर्षांत बसलेली नाही. अध्यक्षांचं पदही रिकामं आहे म्हणा.”

जपूनरावांनी भीत भीत विचारलं, घरी मुलीचा एक स्वस्तातला हेडफोन पडून आहे, तो आणला तर?

“खासगी वस्तू कचेरीच्या यंत्राला जोडायची?” भांडारपालांच्या किल्ल्या वाजल्या. “परिपत्रक बेचाळीस. तुम्हीच टाइप केलंय.”

केलं होतं खरं. जपूनरावांना कचेरीची सगळी परिपत्रकं पाठ होती. भित्र्या माणसाला नियम जितके पाठ असतात तितके नियम करणाऱ्यालाही नसतात. टंकलिखित अर्धवट दिलं तर मेमो. घरचा हेडफोन जोडला तर मेमो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीत लाल शाई.

त्या संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट बायकोला हळू आवाजात सांगितली. पण इमारतीच्या भिंती पातळ, आणि शेजारी कामाचे. चहा होईपर्यंत दोघं जण येऊन बसले होते. एक तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांना जगातली कोणतीही अडचण शेवटी दाताचीच वाटे. दुसरे समोरचे निवृत्त जमादार. पोलिसात हयात घालवल्यामुळे ते कोणत्याही गोष्टीला आधी कलम शोधत आणि मग मत देत.

“अहो, हे तर साधं रूट कॅनाल आहे,” डॉक्टर म्हणाले. “वरचा दात तोच ठेवायचा, आतली नस बदलायची. मुलीच्या हेडफोनमध्ये आवाजाच्या दोन चकत्या असणार. त्या काढायच्या, कचेरीच्या डब्यात बसवायच्या. बाहेरून कचेरीचा, आतून तुमचा. परिपत्रकात बाहेरून जोडायला मनाई आहे ना? आतून कुठे आहे?”

“उघडल्यास कारवाई, असं लिहिलंय,” जमादार म्हणाले.

“कारवाई म्हणजे?” जपूनरावांनी कप न पिताच खाली ठेवला.

“कारवाई म्हणजे काहीही. ताकीदही कारवाई आणि निलंबनही कारवाई. शब्दच तसा मोघम ठेवतात, म्हणजे माणूस रात्रभर विचार करत बसतो.”

“अहो, तुम्ही यात पडू नका,” बायको म्हणाली. “सरळ लिहून द्या, ऐकू येत नाही म्हणून.”

ऐकू येत नाही असं टंकलेखकाने लिहून दिलं तर त्याचीच कानाची तपासणी लागते, हे परिपत्रक एकोणीस. जपूनराव तयार झाले. पुढे लोक म्हणाले की त्यांनी हिंमत केली, पण तसं काही नव्हतं. त्यांना मंगळवारची भीती पट्टीच्या भीतीपेक्षा जास्त वाटली, एवढंच.

शनिवारी हेडफोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून ते फाटकापाशी आले. पिशवीच्या तळाशी हेडफोन, वर डबा, डब्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर छत्री. फाटकावरचा पहारेकरी त्यांना वर्षानुवर्षं हात हलवून सोडत असे. त्या दिवशी जपूनरावांच्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि पाय जिथल्या तिथे घसटत होते. पहारेकरी उठून पुढे आला. जपूनरावांनी मनातल्या मनात सत्तावीस वर्षांचा निरोप घेतला.

“बरं वाटत नाही का, साहेब? द्या ती पिशवी इकडे.”

आणि त्याने पिशवी हिसकावून घेतली, एका हाताने जपूनरावांना धरलं आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्यापर्यंत दोघांनाही पोचवलं. कचेरीचा माल कचेरीच्या पहारेकऱ्यानेच बाहेर नेऊन दिला. जपूनराव बसमध्ये बसले आणि यात आता पहारेकऱ्याचीही नोकरी जाणार, या विचाराने त्यांना नव्याने घाम फुटला.

शस्त्रक्रिया रविवारी दुपारी झाली. डॉक्टर आपली हत्यारं घेऊन आले. जमादार साक्षीदार म्हणून आले, पण ‘मी काही पाहिलेलं नाही’ असं दारातच सांगून टेबलाच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीवर बसले. पहिला प्रश्न पट्ट्यांचा. जमादार म्हणाले, किटलीच्या वाफेवर धरा, डिंक सुटतो. हे तुम्हाला कसं माहीत, असं बायकोने विचारलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. पट्ट्या सुटल्या. त्यांच्याबरोबर भांडारपालांची सहीही थोडी सुटली, आणि तिच्यातलं एक अक्षर ओघळून पार खाली आलं.

“याला पुराव्यात फेरफार म्हणतात,” जमादार म्हणाले.

“जपून हं,” जपूनराव डॉक्टरांना म्हणाले. तेव्हापासून संपेपर्यंत ते हेच म्हणत होते.

डबे उघडले. मुलीच्या हेडफोनची आवरणं तर चिमटीत धरताच फुटली. त्यातून दोन चकत्या निघाल्या, बशीतल्या औषधाच्या गोळ्यांसारख्या नाजूक. आणि इथे कळलं, की चकती लहान आणि कचेरीचं भोक मोठं. चकती आत ठेवली की आरपार खाली पडे. डॉक्टरांचे डोळे चमकले. आयुष्यभर त्यांनी मोठ्या खड्ड्यात लहान वस्तूच बसवल्या होत्या. त्यांनी काचेवर पूड ओतली, लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले आणि दाढ भरायचं सिमेंट कालवलं.

“तीन मिनिटांत दगड होतो. नंतर हलवायचं नाही.”

“आणि परत काढायचं झालं तर?”

“दाढ काढतो तसं,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

राहिल्या तारा. प्रत्येक चकतीला दोन तारा आणि त्यांचे रंग जुनेपणाने एकसारखे तपकिरी झालेले. “सोडवण्याआधी खूण करून ठेवा, कुठली कुठे होती ते,” बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. पण सिमेंट वाळत होतं, जमादार घड्याळ लावून मिनिटं ओरडत होते आणि जपूनरावांच्या हातातल्या तापलेल्या सोल्डरिंगच्या दांडीने टेबलावरच्या मेणकापडाला भोक पाडलं होतं. तिचं कोणी ऐकलं नाही. तारा जमतील तशा जोडल्या. डबे मिटले, पट्ट्या खळीने चिकटवल्या, किंचित वाकड्या. टेबलावर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे कोणालाच सांगता येईना. जपूनरावांनी तो पाकिटात घातला आणि रात्री तीनदा पाकीट उघडून तो आहे ना ते पाहिलं.

सोमवारी ते कचेरीत पोचले, तेव्हा फाटकावर कोणी विचारलं नाही, लिफ्टमध्ये कोणी मजले मोजले नाहीत. बदली लिफ्टमन मोबाइलमध्ये बघत होता. टेबलावर बसून जपूनरावांनी हेडफोन कानावर चढवला. दातांच्या दवाखान्याचा वास आला. त्यांनी यंत्र सुरू केलं.

“नाव?”

जपूनराव ताडकन उठून उभे राहिले. आवाज मागून आला होता. चौकशी अधिकारी त्यांच्या खुर्चीच्या पाठीशी, मानेवर श्वास लागेल इतक्या जवळ उभे होते. त्यांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं, दुसरं कोणी नव्हतं. ते बसले. “पद?” पुन्हा मागून. पुन्हा वळले. शेजारच्या बाई बघत होत्या, म्हणून त्यांनी कॅलेंडरवर तारीख पाहिल्यासारखं केलं.

एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, की दोन्ही कानांत शिरणारा आवाज मधोमध न राहता डोक्याच्या मागे कुठेतरी घुमायला लागतो. हे शास्त्र त्यांना पुढे एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं. त्या दिवशी त्यांना एवढंच समजलं, की ज्याचा आवाज मोठा तो मागे येऊन उभा राहतो, आणि ज्याचा आवाज बारीक तो डाव्या कानात शेजारी बसल्यासारखा बोलतो. कारण त्यानंतर डावा कान बोलला. आठवड्याभरात पहिल्यांदा उत्तर आलं.

“पंखा का बदललात?” मागून.

“एक साहेब आहेत, साहेब,” डाव्या कानात लिफ्टमन म्हणाला, अगदी मजले मोजायच्याच आवाजात. “लिफ्टमध्ये त्यांचा जीव गुदमरतो. घामाने भिजतात. एकदा तर पाचव्या मजल्यापाशी मटकन खालीच बसले. पंखा बंद होता. मी दोनदा अर्ज दिला. मग घरी जुना पंखा होता, त्याची मोटर काढून बसवली.”

“कोण साहेब? नाव सांगा!”

“नाव नाही सांगणार, साहेब. फार भित्रा माणूस आहे. इथं बोलावलंत तर उभ्या उभ्या मरेल.”

जपूनरावांना आधी राग आला. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर एका लिफ्टमनने आपल्याला रेकॉर्डवर भित्रा म्हणावं, आणि तेही आपणच टाइप करावं! त्यांनी ‘भित्रा’ हा शब्द टाइप केला, खोडला, पुन्हा टाइप केला. मग त्यांना रडू यायला लागलं आणि ते लवंगेच्या वासाने आलं असावं, असं त्यांनी बाईंना सांगितलं.

“असा कोणी साहेबच नाही!” मागचा आवाज गरजला. “म्हणजे खोटी साक्ष! छेडछाड आणि वर खोटी साक्ष! नोकरी जाईल, कळतंय?”

“हो, साहेब,” डावा कान म्हणाला.

संध्याकाळी जपूनरावांना जेवण गेलं नाही. जमादार म्हणाले, “गप्प बसा. गप्प बसणाऱ्याला कुठलंच कलम लागत नाही.” डॉक्टर म्हणाले, “दुखत नसेल तर हात लावू नये.” दुखत होतं, पण कुठे ते जपूनरावांना दाखवता येईना.  बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, “रोज वर जायचंय ना तुम्हाला? मजले कोण मोजणार आहे?”

टंकलिखित मंगळवारी वेळेवर गेलं. बुधवारी शेवटची सुनावणी होती. यंत्र चालवायला जपूनरावांना त्यांच्या हेडफोनसकट टेबलाच्या पार टोकाला बसवलं होतं. लिफ्टमन टोपी हातात धरून समोर उभा होता आणि त्याने जपूनरावांकडे चुकूनही पाहिलं नाही. ते न पाहणं जपूनरावांना फार लागलं. अधिकाऱ्यांनी चष्मा चढवला आणि निकालाचा कागद पुढे ओढला.

“या कचेरीच्या इतिहासात,” ते म्हणाले, “कचेरीच्या वस्तूच्या पोटात हात घालणारे तुम्ही एकटेच.”

जपूनरावांची खुर्ची मागे पडली. म्हणजे ते उभे राहिले असणार. कोरं सेवापुस्तक पानापानाने डोळ्यांसमोरून चाललं होतं. आणि तोंडातून जो आवाज निघाला तो इतका मोठा होता, की बाहेरच्या शिपायाने दार उघडून आत पाहिलं.

“एकटे नाहीत, साहेब! दोन नग आहेत!”

“काय?”

“ते लिफ्टमधले साहेब मीच. आणि हा हेडफोन मी उघडला. आतल्या चकत्या माझ्या घरच्या आहेत. पट्टी वाफेवर काढली. हा त्यातला स्क्रू.” त्यांनी पाकिटातून स्क्रू काढून टेबलावर ठेवला. तो गडगडत अधिकाऱ्यांपर्यंत गेला.

अधिकाऱ्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेन उचललं. एकाऐवजी दोघांना घरी पाठवायला त्यांची काहीच हरकत नव्हती, हे उघड दिसत होतं. जपूनरावांना पुढे काय होणार ते दिसत होतं. पण सत्तावीस वर्षं पाठ केलेली परिपत्रकं अशा वेळी माणसाला सोडत नाहीत.

“जपून हं, साहेब,” ते म्हणाले. “एका स्वरूपाचे दोन नग झाले, की निकाल साधनसामग्री समितीचा. आपल्याला देता येत नाही. दिलात तर आपल्यावरच… परिपत्रक एकतीस. मीच टाइप केलंय.”

 अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. भांडारपालांना बोलावणं गेलं. त्यांनी आधी ओघळलेली सही पाहिली, मग जपूनरावांकडे पाहिलं, आणि त्यांच्या सुकलेल्या चेहऱ्यावर चक्क पालवी फुटली. “दुसरा नग!” ते म्हणाले. “नऊ वर्षं वाट बघतोय, साहेब. आता नियमाने प्रस्ताव करता येईल.”

“आधी खात्री करतो,” अधिकारी म्हणाले आणि त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला. वासाने त्यांचा हात नकळत गालावर गेला. जपूनरावांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन सुरू केलं. दुसऱ्याच क्षणी अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले आणि गर्रकन मागे वळले.

“कोण आहे मागे?”

“आपणच आहात, साहेब,” जपूनराव म्हणाले.

ते बराच वेळ ऐकत राहिले. मधूनमधून खांद्यावरून मागे बघत होते. हेडफोन काढून ठेवताना त्यांनी कपाळ पुसलं आणि लिफ्टमनला ‘बसा’ म्हणाले. पूर्वी त्या खोलीत असं कधी झालं नव्हतं.

प्रकरण समितीकडे गेलं. समितीला अध्यक्ष नसल्यामुळे ते तिथे सुखाने राहणार होतं. तोवर दोन्ही नग आपापल्या मूळ जागी ‘जैसे थे’ ठेवावेत, असा आदेश निघाला. म्हणजे पंखा लिफ्टमध्ये, लिफ्टमन लिफ्टमध्ये आणि हेडफोन जपूनरावांच्या डोक्यावर. पट्टी वाकडी लावल्याबद्दल मेमो मात्र वेगळा निघाला आणि सेवापुस्तकात लाल शाईच्या अडीच ओळी आल्या. जपूनराव ते पान बघून आजारीच पडले. दोन दिवस अंथरुणात होते. जमादार येऊन म्हणाले, हलकं कलम लागलंय. बायकोने तो मेमो दोनदा वाचला, घडी घालून लग्नाच्या फोटोमागे ठेवला आणि म्हणाली, “सत्तावीस वर्षांनी का होईना, कोणीतरी तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलं.”

तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले. लिफ्टमध्ये पंखा फिरत होता. जपूनरावांनी डोळे मिटले.

“एक झाला, साहेब.”

“आभारी आहे,” जपूनराव डोळे मिटूनच म्हणाले.

“दोन झाले,” लिफ्टमन म्हणाला. “हे बघा, अर्धं होत आलं.”

वर टेबलावर बुधवारच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग त्यांचीच वाट बघत होतं. समितीसाठी त्याची तीन प्रतींत नक्कल हवी होती. त्यांनी हेडफोन चढवला आणि टाइप करायला लागले. अधिकाऱ्यांचा आवाज मागून येत होता. त्याची आता सवय झाली होती, जपूनराव वळत नव्हते. ‘कचेरीच्या वस्तूच्या पोटात हात घालणारे तुम्ही एकटेच,’ त्यांनी टाइप केलं. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या डोक्यामागून, दोन्ही मायक्रोफोन भरून वर उरलेल्या आवाजात, कोणीतरी ओरडलं, “एकटे नाहीत, साहेब!”

एवढं धिटाईने कोण बोलतंय, म्हणून जपूनरावांनी मागे वळून पाहिलं.